आवाराबाहेरचा श्वास

द्वारकेत सुरेखा बोडसांच्या घरी गप्पा रंगात आल्या आणि डोक्यावरून विमान गेलं, की बाई मध्येच थांबतात. ओठ मिटलेले, एक बोट वर. विमान गेलं की ज्या शब्दावर थांबल्या त्याच शब्दापासून पुढे सुरू. नवख्या पाहुण्याला वाटतं, बाईंना काही झालं की काय. झालेलं काही नसतं. विमानतळाच्या वाटेवर घर घेऊन वर आवाज विकायचा धंदा करायचा म्हटल्यावर अशी खोड जडायचीच.

बाईंनी उभी हयात दिल्लीतून रेडिओवर मराठी बातम्या वाचल्या. बातमीपत्र दिल्लीतून हललं, बाई हलल्या नाहीत. यजमान श्रीपादराव मंत्रालयात होते, ते गेले, तेव्हा त्यांचे लोकरी कोट कुणाला द्यायचे हा प्रश्न आला. बाईंनी कुणालाच दिले नाहीत. कोट कपाटात दाटीवाटीनं टांगले, खाली रजया कोंबल्या, मधोमध एक स्टूल आणि माईक ठेवला आणि तिथे बसून जाहिराती, सरकारी सूचना, कंपन्यांच्या फिल्मा वाचायला लागल्या. आवाज घुमू नये म्हणून लोक लाखो रुपये घालतात. बाईंचं काम नवऱ्याच्या कोटांवर भागलं, आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता.

गर्व त्यांना आणखी एका गोष्टीचा होता, तो म्हणजे श्वासाचा. मजकूर हातात आला की त्या आधी पेन्सिलीनं उभ्या रेघा मारत. रेघ म्हणजे श्वास. रेघ नाही तिथे श्वास घ्यायचा नाही, मग जीव कासावीस झाला तरी चालेल. आणि वाक्य संपल्यावर तर नाहीच नाही. वाक्य संपलं की ओठ मिटायचे, कारण ऐकणाऱ्याच्या कानात शेवटचा शब्द राहिला पाहिजे, वाचणारीची फुफ्फुसं नव्हे. हे त्या नव्या पोरींना इतक्यांदा सांगत, की पोरी मागे त्यांची नक्कल करायच्या.

तिसरी गोष्ट गर्वाची नव्हती, जबाबदारीची होती. रेडिओच्या काळात खेड्यापाड्यांतून त्यांना पत्रं यायची. बहुतेकांत एक वाक्य असायचंच: तुम्ही सांगितलंत म्हणजे खरं. बाई म्हणायच्या, बातमी कुणाचीही असो, आवाज माझा आहे. खोटं निघालं तर लोक सरकारला नंतर विचारतील, आधी मला विचारतील. आता त्या टूथपेस्ट आणि विम्याच्या जाहिराती वाचत होत्या, तरी हे डोक्यातून गेलेलं नव्हतं.

तर त्या हिवाळ्यात अबोलीचं काम आलं. अबोली पुण्याची, गुरुग्रामला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत होती. कंपनी पाणी किती वापरते, धूर किती सोडते, कामगारांना कसं वागवते, हे दरसाल लोकांपुढे मांडायचं असतं. तो अहवाल तिचा विभाग करत असे. अहवाल पावसाळ्यातच जाहीर होऊन गेला होता. आता त्यावरची छोटी फिल्म २६ जानेवारीला सगळ्या कारखान्यांत दाखवायची होती, हिंदीत, इंग्रजीत, आणि मराठवाड्यात त्यांचा एक कारखाना होता म्हणून मराठीत. मराठी आवाज सुरेखाबाईंचा.

मजकूर गुळगुळीत होता. शेवटची दोन वाक्यं अशी: ‘कंपनीनं वर्षभरात जमिनीतून जेवढं पाणी घेतलं, त्याहून अधिक पाणी जमिनीला परत दिलं. आणि वर्षभरात आमच्या आवारात एकाही कामगाराचा मृत्यू झाला नाही.’ बाईंनी रेघा मारल्या, कोटांमध्ये बसल्या, दोन विमानांच्या मधल्या वेळात वाचून टाकलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी अबोलीचा फोन.

“काकू, एकदम मस्त झालंय. फक्त एक छोटंसं होतं. शेवटच्या वाक्यानंतर तुम्ही श्वास घेताय. एडिटरला काढून टाकायला सांगू ना?”

“मी वाक्यानंतर श्वास घेत नाही.”

“हो, पण आलाय चुकून. इट्स ओके, काकू.”

“अगं, चुकून म्हणजे काय? पुन्हा ऐक.”

“ऐकलं ना. बिल्कुल क्लिअर आहे.”

सुरेखाबाईंचा पारा चढला. पण त्यांनी रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं. श्वास होता. बाहेर सोडलेला नाही, आत घेतलेला. छाती भरून, लांब, आणि शेवटी घशात किंचित अडकल्यासारखा. बोलायला निघालेला माणूस घेतो तसा. आणि पुढे बोलणं नाही.

तो श्वास त्यांचा नव्हता. ज्या बाईनं आयुष्यभर स्वतःचे श्वास पेन्सिलीनं आखले, तिला स्वतःचा श्वास ओळखू येणार नाही का?

त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं. श्वास पुन्हा आला. माईक बदलला, पंखा, फ्रिज, सगळं बंद केलं, शेजारच्या सिन्हांकडे जाऊन त्यांच्या कुत्र्याची चौकशीसुद्धा केली. पाण्याच्या वाक्यानंतर काही नाही, बाकी कुठेच काही नाही. मृत्यूच्या वाक्यानंतर श्वास.

मग धुक्याचा दिवस उगवला. दिल्लीत जानेवारीत असा एखादा दिवस येतो, की खिडकीबाहेरची समोरची इमारतच जाते. विमानं उडत नाहीत, आणि द्वारकेत राहणाऱ्याला ती शांतता खायला उठते. बाईंनी भर दुपारी कपाटात बसून कानाला हेडफोन लावले. एक हात छातीवर ठेवला. वाक्य वाचलं, ओठ मिटले. छाती हलत नव्हती. आणि हेडफोनमध्ये, अगदी कानाच्या पाळीपाशी, कुणीतरी छाती भरून श्वास घेतला.

सुरेखाबाई घाबरल्या. मग त्यांना वाटलं ते कुणाही बायकोला वाटलं असतं. सगळीकडून कोट अंगाला लागत होते. त्या हळूच म्हणाल्या, “तुम्ही आहात का?”

पण श्रीपादरावांना दमा होता. त्यांच्या श्वासाला बारीक शिट्टी होती, ती बाईंनी कितीतरी रात्री मोजली होती. या श्वासाला शिट्टी नव्हती. हा धडधाकट, कष्टाच्या माणसाचा श्वास होता. नवरा नाही म्हटल्यावर भीती कमी व्हावी की वाढावी, हे त्यांना कळेना.

त्यांनी अबोलीला फोन केला. यावेळी अबोलीचाच आवाज उतरलेला होता.

“काकू, मी तुम्हाला सांगणार नव्हते. हिंदीत नाही येत तो. इंग्लिशमध्ये पण नाही. फक्त मराठीत.”

“मग हिंदी वाचणारा माझ्यापेक्षा बरा असेल,” बाई म्हणाल्या. त्यांनाही ते पटलं नाही.

“तसं नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून मी काल मराठी मजकूर मशीनकडून वाचून घेतला. लिहिलेलं वाचून दाखवतं ना, ते. त्याला फुफ्फुसं नाहीत, काकू. पण त्यातही आलाय.”

बाईंनी मजकुराचा कागद पुढे ओढला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.

“हे आवार म्हणजे कुठलं गं?” शेवटी बाईंनी विचारलं. “आणि ते पाणी परत देता म्हणजे कुठे देता?”

मानेसरच्या बाजूला कारखान्याच्या मागे एक विहीर होती. विहीर म्हणजे पाणी काढायची नव्हे, पाणी आत सोडायची. कारखान्याच्या छपरांवरचं आणि रस्त्यांवरचं पावसाचं पाणी एका मोठ्या हौदात यायचं, तिथे वाळू-गोट्यांतून गाळलं जायचं आणि पाइपातून जमिनीच्या पोटात जायचं. अबोलीला तिथे फिल्मसाठी काही दृश्यं घ्यायचीच होती. बाई म्हणाल्या, मीही येते. तुम्ही कशाला, आवाजवालीचं तिथे काय काम, असं अबोली म्हणाली नाही.

तिथे गेल्यावर पहिली गोष्ट बाईंच्या लक्षात आली ती भिंत. कारखान्याची उंच भिंत, तिच्यात एक छोटं लोखंडी दार, दाराबाहेर कच्चा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे गावच्या सामाईक जमिनीवर ती विहीर. कंपनीनं जागा गावाकडून भाड्यानं घेतली होती. राखणीला रामफल नावाचा गावचाच म्हातारा, घोंगडी पांघरून खाटेवर बसलेला.

हौद काँक्रीटच्या झाकणाखाली होता. बाजूला एक जाड पाइप जमिनीतून वर आला होता आणि त्याच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली होती. वारा नव्हता. धुक्यात झाडाचं पान हलत नव्हतं. पण ती पिशवी हळूहळू आत ओढली गेली, पाइपाच्या तोंडाला चिकटली, आणि तशीच राहिली.

अबोलीनं बाईंचा दंड धरला.

“डरो मत, मैडम जी,” रामफल म्हणाला. “बोर सांस लेता है. हवा भारी हो तो अंदर खींचे है, हलकी हो तो छोड़े है. सारे बोर लेते हैं. सूखी धरती है, खाली पेट.”

म्हणजे हवेचा दाब. दोघींना हायसं वाटलं. शाळेत शिकलेलं काहीतरी कामाला आलं की माणसाला तेवढाच धीर येतो. बाईंना तर हसूच आलं, बोरचा श्वास आणि त्या श्रीपादरावांना विचारत बसल्या होत्या. पण द्वारकेतल्या कपाटात बोर कुठून आला, हा प्रश्न हसता हसताच आला आणि हसू गेलं. त्यांनी अबोलीशी मराठीतच काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर रामफलनं मान वर केली.

“आप मराठे हो? वो भी आपका ही था. अंबादास.”

अंबादास हा कंपनीच्या मराठवाड्यातल्या कारखान्याजवळचा माणूस. तिथे असाच हौद होता आणि तो साफ करण्यात याचा हात बसलेला, म्हणून ठेकेदारानं त्याला इकडे आणला होता. गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात, म्हणजे अहवालातल्याच वर्षात, पाऊस सुरू व्हायच्या आधी तो गाळ काढायला झाकण उघडून आत उतरला. आत हवा वाईट होती. वर आला तो दोरानंच. ठेकेदारानं गाडीत घातला, घरी पोचवला, घरच्यांना काही रक्कम दिली आणि ठेका दुसऱ्या नावानं चालू राहिला.

“बोलता कम था,” रामफल म्हणाला. “हकलाता था ना. हिंदी में तो बहुत अटकता. बोलने से पहले ऐसे करता…” आणि म्हाताऱ्यानं करून दाखवलं. छाती भरून, लांब श्वास, आणि शेवटी घशात किंचित अडकलेला.

अबोली रस्त्यावरच खाली बसली. सुरेखाबाई उभ्या राहिल्या, पण झाकणाकडे पाहायचं त्यांना धैर्य झालं नाही.

“घर फोन करता तो मराठी में,” रामफल सांगत होता. त्याला या दोघींचं काय झालंय ते कळलं नव्हतं. “उसमें नहीं अटकता था. सांस लेता, और फिर पानी जैसा बोलता.”

परतीच्या गाडीत अबोलीनं स्वतःहूनच सांगितलं. अहवालाला एक हद्द ठरवावी लागते. काय धरायचं, काय नाही. माणसांच्या बाबतीत हद्द म्हणजे कारखान्याची भिंत, कारण जागा गावाची आणि माणूस ठेकेदाराच्या ठेकेदाराचा. पाण्याच्या बाबतीत मात्र विहीर हद्दीत, कारण खर्च कंपनीचा.

“म्हणजे पाणी आत आणि माणूस बाहेर?” बाई म्हणाल्या.

“पाण्याचं एक टीम बघते, माणसांचं दुसरी. कुणी ठरवून नाही केलं, काकू.”

“तेच तर म्हणते मी. ठरवून केलं असतं तर निदान कुणाला तरी माहीत असतं.” बाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. त्यांना राग आला होता आणि तो या पोरीवर काढायचा नव्हता. “एकच हौद. त्यातलं पाणी तुम्ही मिरवता आणि त्यातला माणूस मोजत नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात हे मला ठाऊक आहे गं, पण ते माझ्या तोंडात बसवू नका. ते वाक्य मी वाचणार नाही. त्याच्या गावची माणसं ऐकणार आहेत ते. त्याची बायकोही ऐकेल. माझ्या आवाजात.”

“मशीनकडून वाचून घेतील मग.”

“घेऊ देत. मशीनमध्ये तो येतोय म्हणालीस ना?”



अबोलीनं वरिष्ठांकडे विषय काढला, आणि हे तिनं केलं म्हणून तिचं कौतुक केलं पाहिजे, कारण पाण्यात राहून माशाशी वैर करायचं ते. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. अहवाल जाहीर झालाय, बाहेरच्या तपासनिसांनी तपासलाय, नियमात जेवढं मागतात तेवढं सगळं त्यात आहे. एका वाक्यासाठी तो उघडायचा नाही. श्वासाचं अबोली बोलली नाही. ते बोलली असती तर नोकरीऐवजी डोक्याचीच चौकशी झाली असती. शेवटी तिनं विचारलं, मग मराठी आवृत्तीत निदान एक खुलासा घालू का? साहेब लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाले, “मराठी तुम देख लो.”

गुरुग्रामच्या त्या काचेच्या इमारतीत मराठी वाचता येणारी ती एकटीच होती. आजवर याचं तिला वाईट वाटायचं.

तिनं नवा मजकूर पाठवला. ऑफिसात नव्हे, दिल्लीत मुनिरक्याला मैत्रिणीच्या खोलीवर बसून लिहिला होता. सुरेखाबाईंनी त्यातली दोन विशेषणं काढली, ‘दुर्दैवी’ काढलं, आणि जे उरलं त्यावर रेघा मारल्या. कपाटात बसल्या. धुकं तसंच होतं.

“वर्षभरात आमच्या भिंतीच्या आत एकाही कामगाराचा मृत्यू झाला नाही,” त्यांनी वाचलं. “भिंतीबाहेर, ज्या हौदाचं पाणी आम्ही आमच्या आकड्यात धरतो, त्या हौदात गाळ काढायला उतरलेले अंबादास गुदमरून गेले. त्यांना आम्ही आमच्या आकड्यात धरलं नव्हतं.”

ओठ मिटले. श्वास आला. छाती भरून, लांब, शेवटी घशात तसाच अडकलेला.

रेडिओवरच्या माणसाला एकाच गोष्टीची भीती असते, ती म्हणजे रिकामी गेलेली वेळ. कुणी बोलत नाही आणि माईक चालू आहे. त्या भीतीनं माणसं वाट्टेल ते बोलतात. सुरेखाबाई बोलल्या नाहीत आणि त्यांनी माईकही बंद केला नाही. पाहुणा बोलायच्या बेतात असताना आपण गप्प बसतो, तशा त्या कोटांच्या मध्ये गप्प बसून राहिल्या.

आणि मग तो श्वास सुटला. सावकाश, शेवटपर्यंत. शब्द नव्हता. कपाटातल्या एका कोटाची बाही जराशी हलली आणि थांबली.

“काकू, शेवटचं कापू?” रेकॉर्डिंग ऐकून अबोलीनं फोनवर विचारलं.

“नको. राहू दे.”

फिल्म २६ जानेवारीला मराठवाड्यातल्या कारखान्याच्या कँटीनमध्ये झेंडावंदनानंतर दाखवली गेली. ती ऐकून तिथले कामगार अंबादासचं नेमकं काय झालं ते विचारू लागले, आणि ते हळूहळू गुरुग्रामला पोचलं. साहेबांना मराठी समजून घ्यायची गरज पहिल्यांदाच पडली, आणि अबोलीकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. तिनं ‘मराठी तुम देख लो’ हे उत्तर दिलं की आणखी काही, ते तिनं बाईंना सांगितलं नाही. पुढच्या अहवालात हद्द कुठे धरायची, यावर बैठका सुरू झाल्याचं तेवढं सांगितलं.

फेब्रुवारीत धुकं गेलं, विमानं परत आली. एका सकाळी सुरेखाबाईंना अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडे बाईमाणूस होतं, कौशल्या. अंबादासची बायको. कँटीनमधल्या कुणीतरी तिला फिल्म मोबाइलवर दाखवली होती आणि नंबर कारखान्यातून मिळवला होता.

“तुम्हीच वाचलं का, बाई?” तिनं विचारलं.

“हो.” बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. “नाव बरोबर घेतलं ना मी?”

“घेतलं. मह्याकडं ते आहे मोबाइलमधी, पण पोरांनी त्याच्यामागं गाणं जोडलंय, नीट ऐकू येत नाही. तुमच्याकडं साफ असंल तर पाठवता का?”

“पाठवते ना. आत्ता पाठवते.”

वरून विमान गेलं. सुरेखाबाई सवयीनं थांबल्या. पलीकडे कौशल्याही थांबली, विमान तिलाही ऐकू आलं असावं.

“सगळं नको, बाई,” ती मग म्हणाली. “तुमचं बोलणं संपल्यावरचं तेवढं पाठवा.”